वाचणारा मेंदू आणि लिहिणारा हात : देहान यांच्या वाचनसिद्धांताची मराठी लेखनाच्या संदर्भात चिकित्सा

ऑक्टोबर १८८७मध्ये पॅरिस येथील एका निवृत्त व्यापाऱ्याला एकाएकी असे आढळून आले, की आपल्याला एकही शब्द वाचता येत नाही. त्याची दृष्टी शाबूत होती, बोलणे पूर्वीसारखेच होते, आकडे ओळखून तो हिशेबही करीत होता. इतकेच नव्हे, तर सांगितलेला मजकूर तो व्यवस्थित लिहून दाखवीत असे. मात्र स्वतः लिहिलेला तोच मजकूर थोड्या वेळाने त्याच्यासमोर धरला, तर त्याला त्यातील काहीही उलगडत नसे. अक्षराच्या वळणावरून बोट फिरवले म्हणजे ते अक्षर कोणते हे त्याला कळे. जानेवारी १८९२मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी जूल देजेरीन या फ्रेंच मज्जाशास्त्रज्ञाने शवविच्छेदनातील निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेंदूच्या डाव्या गोलार्धाचा मागील भाग आणि दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या तंतुपट्ट्याचे मागचे टोक यांना इजा झाली होती.

वाचनाच्या मज्जाशास्त्राचा आरंभ बहुधा या प्रकरणापासून सांगितला जातो आणि ते योग्यही आहे. तथापि या प्रकरणातून निघणाऱ्या एका निष्कर्षाकडे पुढील शतकभर पुरेसे लक्ष दिले गेले नाही. शब्द ओळखणे आणि शब्द लिहिणे या दोन क्रिया एकाच ज्ञानावर आधारलेल्या असल्या, तरी त्या ज्ञानापर्यंत पोहोचण्याच्या त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. एक वाट बंद पडली तरी दुसरी चालू राहू शकते. वाचनाचे शास्त्र त्यानंतर झपाट्याने वाढले, लेखनाचे मात्र त्याच्या सावलीत राहिले. मराठीसारख्या भाषेच्या संदर्भात ही उणीव विशेष जाणवते. मराठीत वाचायला शिकणे तुलनेने सुकर आहे; नियमांनुसार बिनचूक लिहिणे मात्र पदवीधरांनाही साधतेच असे नाही.

सिद्धांत आणि त्याची दुरुस्ती

स्तानिस्लास देहान यांचे ‘रीडिंग इन द ब्रेन’ हे पुस्तक २००९मध्ये इंग्रजीत आले. त्यापूर्वी दोन वर्षे ते फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाले होते. लेखनविद्या जेमतेम पाच हजार वर्षांची आहे, त्यामुळे वाचनासाठी मेंदूत स्वतंत्र भाग उत्क्रांत होणे संभवत नाही, या साध्या निरीक्षणापासून देहान आरंभ करतात. असे असूनही कोणत्याही लिपीचा वाचक घेतला, तरी शब्द पाहताना त्याच्या डाव्या गोलार्धात, कवटीच्या तळाशी मागील बाजूस, जवळजवळ एकच जागा उद्दीपित होते. लोराँ कोएन आणि देहान यांनी २०००मध्ये या जागेला ‘दृश्य-शब्दरूप क्षेत्र’ असे नाव दिले. वस्तू आणि चेहरे ओळखण्यासाठी घडलेल्या चेतापेशी शिक्षणामुळे अक्षरांच्या कामाला जुंपल्या जातात, म्हणजेच जुन्या यंत्रणेचा पुनर्वापर होतो, हा त्यांच्या पुस्तकाचा गाभा होय.

हा विचार आकर्षक आहे आणि त्याला प्रयोगांचा भक्कम आधारही मिळाला. २०१०मध्ये पोर्तुगाल आणि ब्राझील येथील ६३ प्रौढांवर झालेल्या अभ्यासात निरक्षर, मोठेपणी साक्षर झालेले आणि बालपणीच शाळेत गेलेले अशा तीन गटांच्या मेंदूंची तुलना करण्यात आली. साक्षरतेबरोबर शब्दांना मिळणारा प्रतिसाद वाढतो हे तर दिसलेच. परंतु बोललेले शब्द ऐकताना ध्वनिविश्लेषण करणाऱ्या भागाचा प्रतिसादही साक्षरांत अधिक असल्याचे आढळले. वाचायला शिकलेल्या माणसाचा केवळ डोळाच बदलतो असे नाही, कानही बदलतो. मराठी लेखनाच्या चर्चेत या दुसऱ्या निष्कर्षाचे महत्त्व पहिल्याहून अधिक आहे.

देहान यांच्या सिद्धांतावर आक्षेपही घेतले गेले. कॅथी प्राइस आणि जोसेफ डेव्हलिन यांनी २००३मध्येच या क्षेत्राच्या ‘शब्द’ या विशेषणाला हरकत घेतली होती, कारण चित्रांची नावे सांगताना आणि इतर अनेक कामांतही ते उद्दीपित होते. जन्मांध व्यक्ती बोटांनी ब्रेल वाचतात तेव्हाही तेच क्षेत्र जागे होते, असे २०११मध्ये दिसून आले. त्यामुळे ‘दृश्य’ हे विशेषणही सैल पडले. साक्षरतेमुळे चेहरे ओळखण्याच्या क्षमतेला झळ पोहोचते का, हा आणखी एक वादाचा मुद्दा होता. त्याची तपासणी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात झाली, ही भारतीय वाचकाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट आहे. देवनागरी वाचणाऱ्या आणि निरक्षर प्रौढांच्या तुलनेवर आधारित २०१९च्या शोधनिबंधात, वाचन शिकल्याने दृष्टिक्षेत्राची पुनर्रचना होते, मात्र जुनी क्षमता नष्ट होत नाही, असा निष्कर्ष निघाला. पुनर्वापर होतो, पण मोडतोड होत नाही. सिद्धांतातील एक अतिरेकी बाजू अशा रीतीने देवनागरीच्याच साक्षीने दुरुस्त झाली.

वर्ण की अक्षर?

डेव्हिड शेअर यांनी २००८मध्ये असा आक्षेप नोंदवला, की वाचनाचे शास्त्र इंग्रजी या अपवादात्मक लिपिव्यवस्थेवर उभे असून तिच्या अडचणींना ते सार्वत्रिक अडचणी मानते. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३ युरोपीय लेखनव्यवस्थांच्या तुलनेत हा अपवाद ठळकपणे दिसला होता. पहिल्या शालेय वर्षाच्या अखेरीस फिनिश मुले परिचित शब्दांपैकी सुमारे ९८ टक्के अचूक वाचत होती, तर इंग्रजी वाचणारी स्कॉटिश मुले सुमारे ३४ टक्के. देहान यांना याची पूर्ण जाणीव आहे. फ्रेंच आणि इंग्रजी लेखनातील अनियमिततेमागे अर्थभेद टिकवण्याचे तर्कशास्त्र कसे आहे, याचे त्यांनी केलेले विवेचन पुस्तकातील उत्तम भागांपैकी एक आहे. तरीही त्यांच्या मांडणीत ‘अक्षर’ म्हणजे रोमन वर्ण, हे गृहीत जागोजागी डोकावते.

आरशातील प्रतिमांच्या प्रश्नात ते स्पष्ट दिसते. रोमन लिपीतील ‘बी’ आणि ‘डी’ ही लहान अक्षरे परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असल्याने मुलांचा गोंधळ होतो. डावे-उजवे एकच मानण्याची मेंदूची उपजत सवय वाचनासाठी मोडावी लागते, असे देहान सांगतात. परंतु तमिळ लिपीत अशा जोड्या नाहीत, आणि केवळ तमिळ वाचणाऱ्यांत ही सवय फारशी मोडत नाही, असे एरिक पेडरसन यांच्या अभ्यासातून पुढे आले आहे. म्हणजे ही सवय लिपीमात्रामुळे मोडते असे म्हणता येत नाही. त्या त्या लिपीच्या गरजेप्रमाणे ती मोडते.

देवनागरीत लेखनाचा घटक स्वर-व्यंजनांच्या संयोगाने होणारे अक्षर हा आहे. बाराखडीच्या हिशेबाने ही अक्षरे चारशेच्या घरात जातात, जोडाक्षरे वेगळीच. सोनाली नाग यांनी २००७मध्ये कन्नड शाळकरी मुलांविषयी दाखवून दिले, की हा साठा आत्मसात करण्यास पहिली-दुसरीनंतरही काही वर्षे लागतात आणि सुटे वर्ण वेगळे काढण्याची क्षमता सावकाश विकसित होते. पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांना शब्दाच्या आरंभीचा एक वर्ण वगळता येत नाही, हे मोराइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९मध्येच दाखवले होते. वर्णांची जाणीव ही लिपीची देणगी आहे. शिवाय देवनागरीत वेलांटीची एक खास अडचण आहे. ‘कि’ या अक्षरात इकार उच्चारात नंतर येतो, पण लिहिण्यात आधी. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२मध्ये हिंदी वाचकांच्या संदर्भात या विसंगतीची किंमत प्रयोगाने तपासली.

मराठीचा स्वतःचा प्रश्न

लिपी समान असली म्हणजे शिकणाऱ्या मेंदूपुढील काम समान असते, असे मानण्याचा मोह होतो. आणि येथेच उत्तरेतील निष्कर्ष मराठीला जसेच्या तसे लावणे धोक्याचे ठरते. हिंदीत इ-ई, उ-ऊ हे भेद अर्थनिर्णायक आहेत; ‘मिल’ आणि ‘मील’, ‘सुना’ आणि ‘सूना’ हे शब्द हिंदी भाषकाला कानानेच वेगळे कळतात. मराठीत ऱ्हस्व-दीर्घत्व उच्चारात आहे, पण ते शब्दातील स्थानावरून ठरते. शब्दाच्या शेवटी इकार-उकार लांबतो. शेवटचे अक्षर अकारान्त असेल, तर त्याच्या आधीचा लांबतो. प्रत्यय लागून तो मागे सरकला की आखूड होतो. ‘फूल-फुलाला’, ‘गरीब-गरिबाला’, ‘ऊस-उसाचा’ ही रूपे याच सवयीची द्योतक आहेत. जो भेद अर्थ बदलत नाही, तो मातृभाषकाच्या कानाला वेगळा जाणवत नाही, हे ध्वनिविचाराचे प्राथमिक सूत्र आहे. म्हणून जिभेवर असलेला हा फरक मराठी माणसाच्या मनात नसतो.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द ही दुसरी पातळी आहे. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. लिहिण्यात हे दोन शब्द आहेत, मराठी बोलण्यात मात्र दोहोंचा उच्चार सामान्यतः एकच, लांब असतो. ‘सुत’ आणि ‘सूत’ यांचेही तसेच. मराठी साहित्य महामंडळाचे आणि १९६२मध्ये शासनाने स्वीकारलेले चौदा नियम, तसेच १९७२मध्ये त्यांत पडलेली चार नियमांची भर, यांमागील तत्त्व या ठिकाणी दुभंगलेले दिसते. शब्दान्ती ‘कवि’, ‘गुरु’ या तत्सम रूपांऐवजी ‘कवी’, ‘गुरू’ लिहावे, हे सांगताना नियमकर्त्यांनी मराठी उच्चाराचा कौल मान्य केला. ‘गुण’, ‘विष’, ‘प्रिय’, ‘मंदिर’ यांच्या बाबतीत मात्र उच्चार बाजूला ठेवून संस्कृताचा कौल घेतला. त्यात ‘कविमन’, ‘गुरुवर्य’ अशा समासांत पूर्वपद पुन्हा ऱ्हस्व होते, आणि ‘आणि’, ‘परंतु’, ‘तथापि’ ही अव्यये शेवटीही ऱ्हस्वच राहतात. नियम चुकीचे आहेत असे येथे म्हणावयाचे नाही. ते दोन वेगळ्या न्यायांवर उभे आहेत, आणि कोणता शब्द कोणत्या न्यायाखाली येतो, हे ऐकून कळण्याचा मार्ग शिकणाऱ्याला उपलब्ध नाही.

आता विद्यार्थ्यांच्या चुका पाहाव्यात. ‘मंदीर’, ‘पंडीत’, ‘अधीक’, ‘नागरीक’, ‘मधूर’, ‘गूण’ : या सर्व रूपांत उपान्त्य स्वर दीर्घ झाला आहे, म्हणजे मराठीचा नियम तत्सम शब्दाला लावला गेला आहे. ‘शरिरात’ या रूपात प्रत्यय लागताच स्वर ऱ्हस्व झाला आहे. ‘गरिबाला’ बरोबर असेल, तर ‘शरिरात’ का नाही, या प्रश्नाचे उत्तर ‘शरीर तत्सम आहे’ याखेरीज दुसरे नाही. ही रूपे निष्काळजीपणाची म्हणता येत नाहीत. ज्या मेंदूने स्वभाषेतील नियमितता अचूक टिपली आहे, त्याने ती एक पाऊल पुढे नेल्याचे ते पुरावे आहेत. चार्ल्स रीड यांनी १९७१मध्ये शाळापूर्व इंग्रजी मुलांच्या स्वयंरचित लेखनाचा जो अभ्यास केला, त्यात ‘ट्र’ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या आरंभी मुले ‘च’ या ध्वनीची अक्षरे लिहीत असल्याचे आढळले. प्रौढांना ही चूक वाटली, प्रत्यक्षात मुलांचा कान प्रौढांहून अधिक प्रामाणिक होता. ‘मंदीर’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट फारशी निराळी नाही.

येथे एक शंका संभवते : ि आणि ी हे चिन्हयुग्म आरशातील प्रतिबिंबासारखे आहे, तेव्हा मराठीतील ही चूक देहान सांगतात त्या डाव्या-उजव्याच्या गोंधळातून तर येत नसेल? पहिलीतील मुलाच्या बाबतीत तसे काही अंशी असू शकेल. पण ‘इश्वर’ आणि ‘उन’ ही रूपेही तितक्याच सहजतेने लिहिली जातात, आणि इ-ई, उ-ऊ ही स्वराक्षरे परस्परांची प्रतिबिंबे नाहीत. शिवाय दृष्टीचा गोंधळ दोन्ही दिशांनी सारखा झाला असता. वर दिलेल्या उदाहरणांतील चुका मात्र मराठी उच्चाराच्या दिशेने झुकतात. चुकीचे मूळ डोळ्यात नसून कान आणि शब्दज्ञान यांच्यातील दरीत आहे.

श्रुतलेखनाची परंपरा या दरीकडे पाहत नाही. शिक्षक ‘नीट ऐका आणि लिहा’ असे सांगतो, आणि आपण ‘दिन’ आखूड उच्चारतो याची त्याला खात्री असते. लिनिया एरी आणि ली विल्स यांनी १९८०मध्ये दाखवले, की लिहिण्यात एक जादा अक्षर असलेल्या इंग्रजी शब्दात एक जादा ध्वनीही आहे, असे ते लेखन शिकलेली मुले मानू लागतात. साक्षराचा कान लेखनाने घडतो. २०१०च्या मेंदूप्रतिमांनी त्याला दुजोरा दिला. म्हणजे शिक्षकाला भेद ऐकू येतो, कारण त्याला शुद्ध रूप आधीच ठाऊक आहे. विद्यार्थ्याला तो ऐकू येत नाही, कारण तेच तर त्याला शिकायचे आहे. काही शिक्षक श्रुतलेखनापुरते स्वर कृत्रिमपणे ताणतात वा तोडतात. त्यामुळे त्या तासापुरते गुण वाढतात, इतकेच.

ओळखणे आणि आठवणे

‘भरपूर वाचा, म्हणजे लेखन आपोआप सुधारेल’ हा सल्ला महाविद्यालयांत सर्रास दिला जातो. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. उत्तम वाचन करूनही लेखनात सतत चुकणाऱ्या व्यक्तींचा अभ्यास उटा फ्रिथ यांनी १९८०मध्ये प्रसिद्ध केला. असे वाचक शब्दाच्या काही ठळक खुणांवरून तो ओळखतात आणि पुढे सरकतात, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. मराठीत तर ऱ्हस्व-दीर्घाची खूण वगळूनही शब्द ओळखण्यात काही अडत नाही. ‘परिक्षा विभाग’ असा फलक वाचून कोणीही विद्यार्थी चुकीच्या खोलीत गेलेला नाही. असे फलक महाविद्यालयांतच आढळतात, हे मान्य करायला हवे.

रॅप आणि लिपका यांनी २०११च्या निबंधात एकाच व्यक्तीकडून वाचन व लेखनविषयक कृती करवून घेतल्या. डाव्या गोलार्धातील शब्दरूपांचे क्षेत्र आणि पुढील बाजूचा एक भाग दोन्ही कृतींत समान असल्याचे त्यांना आढळले. साठा एकच आहे. पण वाचताना साठ्यातील अर्धवट नोंदही चालते; लिहिताना नोंद पूर्ण असावी लागते, प्रत्येक वेलांटीसह. १९६२पूर्वीच्या सुशिक्षित पिढ्या ‘नांव’, ‘पांच’, ‘घरांत’, ‘केलें’ यांतील अनुच्चारित अनुस्वार लिहीत असत, ते कानाच्या आधाराने नव्हे. व्याकरणाचे शिक्षण आणि हाताची सवय यांतून ती नोंद पूर्ण झालेली होती. ते अनुस्वार नियमाने गेले आणि वाचकाचे काही अडले नाही, ही गोष्टही तितकीच बोलकी आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच काढून टाकावा, या मराठीत पुनःपुन्हा होणाऱ्या मागणीला त्यातून बळ मिळते. मात्र मज्जाशास्त्राच्या आधारे हा वाद निकालात काढू पाहणे गैर आहे. वाचकाला काय पेलते एवढे ते शास्त्र सांगू शकते. संस्कृत, हिंदी आणि जुने मराठी ग्रंथ यांच्याशी असलेला लेखनाचा दुवा किती मोलाचा मानायचा, हे समाजाने ठरवायचे असते.

हाताच्या सवयीचा उल्लेख वर आला. कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांच्या २०१२च्या अभ्यासात, अद्याप वाचू न शकणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी अक्षरे हाताने काढल्यानंतरच ती पाहताना वाचनाशी संबंधित क्षेत्र उद्दीपित झाले. कळफलकावर टंकित केल्यावर तसा परिणाम दिसला नाही. आजचा विद्यार्थी मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी शब्द टंकतो आणि पुढे येणाऱ्या पर्यायांतून एक निवडतो. लेखन म्हणून गणल्या जाणाऱ्या या क्रियेत शब्द आठवावा लागत नाही, केवळ ओळखावा लागतो. परीक्षेच्या दालनात कागदावर लिहिताना मात्र पर्याय पुढे येत नाहीत.

उपयोजन

कान निरुपयोगी आणि डोळा अपुरा असेल, तर शिकवण्याचा आधार कोणता? मराठीत तो शब्दघटनेत सापडतो. ‘इक’ प्रत्ययाचे सर्व शब्द ऱ्हस्व : सामाजिक, नागरिक, ऐतिहासिक. ‘ईय’ प्रत्ययाचे सर्व दीर्घ : भारतीय, राष्ट्रीय. ‘परीक्षा’, ‘समीक्षा’, ‘निरीक्षण’ यांच्या पोटात ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा धातू आहे. ‘शिक्षण’ आणि ‘शिक्षक’ यांत ‘शिक्ष्’ हा वेगळाच धातू आहे. हे एकदा उमगले, की चार शब्दांचे पाठांतर एका अर्थपूर्ण नोंदीत सामावते, आणि मेंदूला अर्थाने बांधलेली नोंद टिकवणे सोपे जाते. इंग्लंडमध्ये तेरेझिन्या नुनेस आणि पीटर ब्रायंट यांनी शब्दघटक शिकवून मुलांचे लेखन सुधारते, असे २००६च्या ग्रंथात दाखवले आहे. मराठीत या पद्धतीला तयार सामग्रीची वाण नाही. संधी, समास, प्रत्यय हे सारे अभ्यासक्रमात आहेतच. फक्त ते व्याकरणाच्या प्रश्नापुरते शिकवले जातात आणि शुद्धलेखन हा वेगळाच, चुका मोजण्याचा विषय उरतो.

मूल्यमापनातही भेद करणे आवश्यक आहे. ‘शरिरात’ लिहिणारा विद्यार्थी आणि ‘शरीर’ऐवजी ‘शरीस’ किंवा ‘रशीर’ लिहिणारा विद्यार्थी यांच्यापुढील अडचणी सारख्या नाहीत. पहिल्याला तत्सम शब्दांचा परिचय हवा. दुसऱ्याच्या बाबतीत, अशा चुका सातत्याने होत असतील, तर अध्ययन-अक्षमतेची तपासणी करणे योग्य ठरेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६मध्ये विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे, आणि मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही उपलब्ध आहे. लाल शाईची एकच रेघ या दोन्ही चुकांवर सारखीच ओढली गेली, तर पहिला विद्यार्थी निष्कारण मंद ठरतो आणि दुसऱ्याची खरी अडचण शेकडो ऱ्हस्व-दीर्घांच्या गर्दीत कोणाच्या लक्षातही येत नाही.